कारकुनाच्या डोक्यातलं सरकार

कॅनडाच्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार काढायला किती नियम लागत असतील? शे-दोनशे? फार तर हजारभर? तिथल्या महालेखापरीक्षकांनी २०१७ साली संसदेला दिलेल्या अहवालात हा आकडा आहे ८०,००० हून अधिक. कर्मचारी साधारण २ लाख ९० हजार आणि नियम ८० हजार, म्हणजे दर चार माणसांमागेही पगाराचा एकेक नियम येतो.

इतके नियम कुठून आले? कर्मचारी संघटनांशी झालेले १०० हून अधिक करार, त्यांतून. तुरुंगातल्या पहारेकऱ्याची रात्रपाळी वेगळी मोजायची. तटरक्षक दलाच्या जहाजावर जाणाऱ्याचे समुद्रातले दिवस वेगळे आणि किनाऱ्यावरचे वेगळे. साहेब रजेवर गेले आणि हाताखालच्या माणसाने चार दिवस त्यांची खुर्ची सांभाळली, तर त्या चार दिवसांचा दर वेगळा. त्या चार दिवसांत सुट्टीचा दिवस आला तर? जादा तास झाले तर? नवा करार दोन वर्षं उशिरा झाला आणि वाढ मागच्या तारखेपासून द्यायची ठरली, तर त्या दोन वर्षांत ज्याने तीन वेळा प्रभारी काम केलं त्याची थकबाकी कशी काढायची? यातला एकही नियम मूर्खपणाचा नाही. प्रत्येकामागे कुणाची तरी रास्त मागणी आहे, टेबलावर झालेली वाटाघाट आहे. ८० हजार नियम म्हणजे कामगारांनी पिढ्यान् पिढ्या मिळवलेल्या हक्कांचं वारूळ आहे.

आणि खरं थक्क करणारं पुढेच आहे. हे नियम पाळून, दर पंधरा दिवसांनी, कित्येक दशकं त्या देशात पगार होत होते. वापरात होती ती संगणक यंत्रणा ४० वर्षं जुनी होती. तिच्यात हे सगळं मावणं शक्यच नव्हतं. मग ते मावत होतं कुठे?

माणसांत. वेगवेगळ्या खात्यांत मिळून पगाराचं काम बघणारे सुमारे १,२०० कर्मचारी होते. आपल्या सरकारी कचेऱ्यांत आस्थापना शाखेतले लिपिक असतात, साधारण तसे. संगणक जिथे अडायचा तिथे हे लोक हाताने हिशेब करून आकडा भरायचे. कुठल्या विभागाकडून रजेचे कागद नेहमी उशिरा येतात, कुठला नियम दोन प्रकारे वाचता येतो आणि आपल्या खात्यात तो गेली वीस वर्षं कसा वाचला जातो, कुठल्या शाखेच्या साहेबांना फोन केला की काम होतं, हे त्यांना ठाऊक होतं. ते कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहून ठेवण्यासारखं काही आपल्याला येतं, असं त्यांनाही वाटलं नसेल.

मायकेल पोलान्यी हा हंगेरीत जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ पुढे तत्त्वज्ञानाकडे वळला. त्याने १९६० च्या दशकात एक विचार मांडला. माणसाला जेवढं बोलून दाखवता येतं त्याहून जास्त त्याला येत असतं. सुतार, डॉक्टर, सायकल चालवणारं पोर या सगळ्यांना हे लागू आहे, हे आपण चटकन मान्य करतो. सरकारी लिपिकालाही ते लागू असेल, हे मात्र मनात येत नाही. त्याच्याकडे असतात ते नियम, आणि नियम तर पुस्तकात छापलेले आहेत, असं आपण धरून चालतो. सरकारी संगणक प्रकल्पांच्या अपयशाचं मूळ मला या गृहीतकात दिसतं.

२००९ साली कॅनडा सरकारने पगाराचं काम नव्याने उभं करायचं ठरवलं. एकूण खर्च ३१ कोटी डॉलर. त्यातले साडेपंधरा कोटी नव्या संगणक प्रणालीसाठी, बाकीचे पगाराचं काम एका जागी आणण्यासाठी. सगळं नीट बसलं की वर्षाला ७ कोटी डॉलर वाचणार होते. प्रणालीचं नाव ठेवलं फिनिक्स. काम आयबीएमला मिळालं आणि पाया म्हणून पीपलसॉफ्ट हे बाजारात मिळणारं तयार सॉफ्टवेअर घेतलं.

पगाराचं केंद्र न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या मिरामिशी या छोट्या गावी नेण्यात आलं. हे गाव नदीतल्या सॅमन माशांसाठी प्रसिद्ध. पगारासाठी हेच गाव का? कारण देशातल्या बंदुकांची नोंदणी करणारं सरकारी केंद्र तिथे होतं, आणि ती नोंदणी बंद करायचं सरकारच्या मनात होतं. जाणाऱ्या नोकऱ्यांच्या बदल्यात दुसऱ्या नोकऱ्या द्यायच्या होत्या. ती बंदूक नोंदणी हाही एक मोठा संगणक प्रकल्प होता. फी वसूल झाल्यावर सरकारला निव्वळ २० लाख डॉलर खर्च येईल असं १९९० च्या दशकात संसदेला सांगितलं होतं. २००२ मध्ये महालेखापरीक्षक शीला फ्रेझर यांनी दाखवून दिलं की तो १ अब्ज डॉलरच्या पुढे जाणार आहे. त्या नोंदणीची पाटी उतरली आणि त्याच गावात फिनिक्सची लागली.

आता काय झालं ते नीट पाहा, कारण सगळ्या गोष्टीचा गाभा इथे आहे. आधी माणसं हलवली. नवी प्रणाली तयार व्हायच्या कितीतरी आधी, २०१२ पासून, खात्याखात्यांतली पगाराची कामं मिरामिशीला जाऊ लागली. १,२०० अनुभवी लोकांच्या जागी तिथे सुमारे ४६० पगार कर्मचारी आणि ९० मदतनीस असणार होते. ओटावा, व्हँकूवर, हॅलिफॅक्स अशा ठिकाणी घर-संसार मांडलेल्या जुन्या लोकांपैकी फार थोडे त्या गावी गेले. काहींनी निवृत्ती घेतली, काहींनी सरकारातच दुसरी कामं धरली. ८० हजार नियमांचं जिवंत ज्ञान असं पांगून गेलं. कुणी त्याची यादी केली नाही, कारण यादी करण्याजोगं काही आहे हेच दिसत नव्हतं. हिशेबाच्या वहीत ती फक्त बचत होती.

त्याच २०१२ साली आयबीएमने कळवलं की मागितलेलं सगळं बसवायचं तर २७ कोटी ४० लाख डॉलर लागतील. मंजूर होते साडेपंधरा कोटी. प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनी जास्तीचे पैसे मागितले नाहीत. त्यांनी काम कापलं. ठरलेल्या ९८४ कार्यांपैकी शंभरहून अधिक कार्यं काढून टाकली किंवा नंतरसाठी ठेवली. मागील तारखेपासूनचा पगार आपोआप काढणं हे त्यांतलंच एक. ज्या देशात करार उशिरा होतात, कागद उशिरा येतात, प्रभारी कामाची नोंद काम संपल्यावर होते, तिथे मागील तारखेचा पगार हा अपवाद नसतो. ते पगाराचं रोजचं काम असतं. जुन्या लिपिकांपैकी कुणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण टेबलापाशी तो बसलेला नव्हता.

चाचण्याही कापल्या. एका खात्यावर आधी प्रयोग करून पाहायचा होता, तो रद्द झाला. पूर्ण प्रणाली एकदा सुरुवातीपासून शेवटापर्यंत चालवून पाहिलीच गेली नाही. २४ फेब्रुवारी २०१६ रोजी ३४ खात्यांचे पगार फिनिक्सवर गेले, एप्रिलमध्ये उरलेल्यांचे. जुनी यंत्रणा बंद झाली. परतीची वाट राहिली नाही.

पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त कर्मचाऱ्यांना एकदा तरी चुकीचा पगार मिळाला. कुणाला काहीच नाही, कुणाला कमी, कुणाला भलताच जास्त. जास्त मिळालेल्यांचेही हाल झाले. हातात पडलेली रक्कम कर कापून आलेली, पण परत करायची ती कर धरून. बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या रजेवरून परतणाऱ्यांचे पगार महिनोन् महिने अडकले. पाळीने काम करणारे, हंगामी काम करणारे, ज्यांच्या नोकरीत काहीतरी सतत बदलतं, त्यांना सर्वांत जास्त झळ बसली. ज्याच्या आयुष्यात काहीच बदललं नाही, रजा नाही, बढती नाही, बदली नाही, त्याचा पगार ठीक होत होता. जून २०१७ पर्यंत चुकलेल्या पगारांची रक्कम ५० कोटी डॉलरच्या वर गेली होती. त्यात द्यायचे राहिलेले आणि जास्त दिलेले, दोन्ही आले.

मग सरकारने काय केलं? माणसं परत आणली. ठिकठिकाणी तात्पुरती कार्यालयं उघडली, निवृत्त झालेल्या पगार कर्मचाऱ्यांना बोलावलं. पुढच्या दोनेक वर्षांत या कामावरच्या लोकांची संख्या दीड हजारांच्या वर गेली, म्हणजे सुरुवातीच्या १,२०० पेक्षाही जास्त. मिरामिशीत पुढे छोटे गट केले. एकेका गटाने ठरावीक खात्यांचेच पगार पाहायचे, म्हणजे त्या खात्याच्या रीतीभाती त्याला कळत जातील. जुन्या लिपिकाची जागा पुन्हा उभी करायचाच हा खटाटोप होता. या सगळ्याचा नियोजनाबाहेरचा खर्च २०२३ पर्यंत २.२ अब्ज डॉलरवर जाईल, असा अंदाज कॅनडाच्या सिनेट समितीने २०१८ मध्ये मांडला. त्याच वर्षी महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांनी अहवालात लिहिलं की हे अपयश अनाकलनीय आहे. त्यांनी आणखी पुढे जाऊन शासनाच्या संस्कृतीवर बोट ठेवलं. वरिष्ठांना अडचण सांगायची नाही, ठरलेली तारीख आणि ठरलेला खर्च पाळल्याचं दाखवायचं, ही सवय. प्रणाली सुरू करायच्या आधी गंभीर त्रुटी प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांना माहीत होत्या आणि त्या वर पोचल्या नाहीत.

हे वाचताना मला आपल्याकडचं ‘नियमानुसार काम’ आंदोलन सारखं आठवत राहिलं. कर्मचारी संपावर जात नाहीत. ते रोज कामावर येतात आणि नियमात लिहिलंय तेवढंच, लिहिलंय तसंच करतात. बस्स. दोन-तीन दिवसांत कचेरी ठप्प होते. हे आंदोलन यशस्वी का होतं, याचा जरा विचार करून पाहा. नियम पाळल्याने सरकार बंद पडतं! म्हणजे एरवी सरकार चालतं ते नियमांच्या जोडीला कर्मचारी रोज जी अक्कल, तडजोड आणि माणुसकी घालतात तिच्यावर. संगणक हा कायमचं ‘नियमानुसार काम’ करणारा कर्मचारी आहे. तो हट्टी नाही, त्याला वैर नाही. सांगितलं तेवढंच त्याला कळतं. सरकारचा सगळा व्यवहार अगदी अक्षरशः वाचणारा हा पहिला वाचक आहे, आणि तो वाचायला बसला की कळतं, पुस्तकात किती कमी लिहिलं होतं.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य खात्यात २०१० च्या मार्चमध्ये असंच घडलं. ७० हजारांवर डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार, आणि त्यांच्या पगारात होऊ शकणारे फरक सुमारे २४,००० प्रकारचे. सुरुवातीला कंत्राटाचा आकडा होता ६२ लाख डॉलरच्या आसपास. एकूण भार शेवटी १.२ अब्ज डॉलर होईल असा अंदाज निघाला. चौकशी आयोगाचे प्रमुख रिचर्ड चेस्टरमन यांनी २०१३ मध्ये त्याला देशातल्या सार्वजनिक प्रशासनाच्या सर्वांत मोठ्या अपयशांच्या रांगेत बसवलं. दोन देश, दोन सरकारं, पण अडलं तिथेच. आपल्याकडेही २०१८ च्या सुरुवातीला शिक्षकांच्या पगाराची ‘शालार्थ’ ही प्रणाली बंद पडली, तेव्हा त्यांचे पगार पुन्हा कागदावर तयार करावे लागले होते, आणि ते तयार झाले ते अजून कागदावर पगार काढता येणारे लोक शाळांत होते म्हणूनच.

खासगी कंपन्यांचे प्रकल्प फसत नाहीत का? भरपूर फसतात. पण कंपनीला एक सोय असते. न जमणारं गिऱ्हाईक ती सोडून देऊ शकते. ज्याचे कागद विचित्र आहेत त्याला बँक कर्ज नाकारेल. सरकारला माणूस नाकारता येत नाही. नाव तीन कागदांवर तीन प्रकारे असलेली म्हातारी, बोटांचे ठसे झिजलेला गवंडी, दोन राज्यांच्या सीमेवर घर असलेलं कुटुंब, या सगळ्यांना सेवा द्यावी लागते. संगणकवाले ज्यांना अपवाद म्हणतात ते सरकारपुढे हक्क घेऊन उभे असलेले नागरिक असतात. म्हणूनच हे काम तंत्रज्ञानाच्या सर्वांत अवघड कामांपैकी एक आहे. ते करणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो. अपयशाच्या बातम्या वाचून हसणाऱ्यांना हा अवघडपणा दिसत नाही.

त्यात निविदेची पद्धत. निविदा काढायची तर काय हवं ते आधी सविस्तर लिहून द्यावं लागतं. पण काय हवं ते कळतं अर्धं काम झाल्यावर, वापरणाऱ्याच्या हातात काहीतरी पडल्यावर. अमेरिकेच्या एफबीआयने गुन्ह्यांच्या तपासाच्या फायली संगणकावर आणण्यासाठी ८०० हून अधिक पानांचा मागणीपत्रकांचा गठ्ठा तयार केला होता. २००५ मध्ये सुमारे १७ कोटी डॉलर घालवून तो प्रकल्प गुंडाळला गेला. त्यानंतरचा ‘सेंटिनेल’ही रखडला, तेव्हा २०१० मध्ये एफबीआयने काम स्वतःकडे घेतलं. छोटा गट, थोडं थोडं बनवून दाखवायचं, तपास करणाऱ्यांना वापरायला द्यायचं, दुरुस्त करायचं. २०१२ च्या जुलैत प्रणाली चालू झाली.

ज्ञान कुणाकडे आहे आणि अधिकार कुणाकडे, या दोन गोष्टींतलं अंतर किती महाग पडतं, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण १ ऑक्टोबर २०१३ चं आहे. राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या आरोग्य विमा कायद्याचं संकेतस्थळ, हेल्थकेअर डॉट गव्ह, त्या दिवशी उघडलं. लाखो लोक आले. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली सहा जणांची. सहा! हे काम पन्नासहून अधिक कंत्राटदारांत वाटलेलं होतं. प्रत्येकाचा तुकडा कमी-अधिक तयार होता, पण सगळे तुकडे जोडून चालतात की नाही हे पाहण्याची जबाबदारी कुणा एकाची आहे, असं कुणी मानत नव्हतं. त्यात उशिरा झालेला एक निर्णय असा की विम्याच्या योजना नुसत्या बघायच्या असल्या तरी आधी खातं उघडावं लागेल. त्यामुळे सगळी गर्दी एकाच दारात अडकली.

मग सुटका करायला मिकी डिकरसन नावाचा गूगलमधला अभियंता आणि त्याच्यासारखे काही जण आले. त्यांनी नवं यंत्र आणलं नाही. मेरीलँडमधल्या एका खोलीत दिवसातून दोनदा सगळ्या कंत्राटदारांची बैठक सुरू केली आणि भिंतीवर नियम लावले. इथे जमायचं ते अडचण सोडवायला, दोष कुणाचा ते ठरवायला नाही. बोलायचं त्याने, ज्याला त्या अडचणीची सर्वांत जास्त माहिती आहे. ज्याचं पद सर्वांत मोठं आहे त्याने नव्हे. आणि येत्या एक-दोन दिवसांत जे आपल्याला बुडवू शकतं तेवढंच आज बघायचं. नोव्हेंबर संपता संपता बहुतेकांसाठी संकेतस्थळ चालू लागलं. त्या वर्षीची मुदत संपली तेव्हा राज्यांची संकेतस्थळं धरून देशभरात ८० लाख लोकांची नोंदणी झाली होती. मधल्या नियमाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. सरकारी कचेरीत कनिष्ठ माणसाने साहेबांच्या आधी बोलायचं, ही किती मोठी उलथापालथ आहे!

या उलथापालथीची गरज किती गंभीर आहे ते ब्रिटनच्या टपाल खात्याने दाखवलं. १९९९ पासून तिथल्या गावोगावच्या पोस्टांत ‘होरायझन’ नावाची हिशेबाची प्रणाली बसवली गेली. जपानच्या फुजित्सू कंपनीची. ती चुकायची. काउंटरवर नसलेली तूट पडद्यावर दिसायची. एका गावातल्या पोस्ट चालवणाऱ्या बाईंना दोन हजार पौंडांची तूट दिसली. मदत केंद्राला फोन करून सांगितलं तसं केलं, तर तूट दुप्पट झाली. ही पोस्टं चालवणारे लोक आपापल्या दुकानात वर्षानुवर्षं पैसे मोजत आलेले. त्यांत भारतीय वंशाचेही पुष्कळ होते. ते सांगत होते की हिशेब बरोबर आहे, यंत्र चुकतंय. प्रत्येकाला सांगितलं गेलं की अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच. ब्रिटनच्या कायद्यात तेव्हा, उलट पुरावा येईपर्यंत, संगणक बरोबर चालतोय असंच धरलं जायचं. आणि उलट पुरावा होता कंपनीच्या ताब्यात. ९०० हून अधिक लोक चोरी आणि खोट्या हिशेबांसाठी दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काही कर्जात बुडाले, काहींनी जीव दिला. अॅलन बेट्स यांच्यासह ५५५ जणांनी एकत्र येऊन दावा लढवला. २०१९ मध्ये न्यायालयाने मान्य केलं की प्रणालीत दोष होते. २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या.

हे प्रकरण वाचून राग येतो आणि आला पाहिजे. पण कारण पाहिलं तर ते फिनिक्सच्या शेजारचंच आहे. तिथे माणसाचं ज्ञान दिसलं नाही म्हणून काढून टाकलं. इथे माणूस समोर उभा राहून सांगत होता आणि तरी त्याचं ज्ञान हे ज्ञान मानलं गेलं नाही.

उलट दिशेने जाणारं एक काम मात्र महाराष्ट्रात झालं, आणि त्याची हवी तेवढी वाखाणणी झालेली नाही. सातबारा संगणकावर आणायचा म्हणजे अडीच कोटींच्या आसपास उतारे. तलाठ्यांच्या हाताने लिहिलेले, एकर-गुंठ्यांतून हेक्टर-आरमध्ये गेलेले, आणे-पैमध्ये हिस्से लिहिलेले, तीन पिढ्यांचे वारस आणि फेरफारांच्या खाडाखोडी असलेले. त्यांची संगणकावर नोंद करताना चुका होणारच होत्या आणि भरपूर झाल्या. एका शून्याने क्षेत्र बदललं, एखाद्या बहिणीचं नाव गळलं. सर्व्हर इतका मंद होता की तलाठी रात्री जागून नोंदी भरत होते. त्यावरून संघटनांनी आंदोलनंही केली. इथवर सगळं नेहमीसारखंच.

पण २०१७ मध्ये शासनाने राज्यभर चावडी वाचनाची मोहीम घेतली. संगणकात भरलेला सातबारा छापून गावात आणायचा आणि गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. गट नंबर अमुक, खातेदार तमुक, क्षेत्र एवढं, विहीर आहे, बोजा आहे. ज्याला आपल्या बांधाची खूण पाठ आहे, ज्याला भाऊबंदकीची वाटणी तोंडी ठाऊक आहे, तो तिथेच उठून म्हणणार, हे चूक आहे. मग ती चूक लिहून घ्यायची, मूळ हस्तलिखित उताऱ्याशी ताडायची, आणि ‘री-एडिट’ या सोयीतून तलाठी-मंडळ अधिकाऱ्यांच्या हातून दुरुस्त करायची. संगणकाच्या क्षेत्रात माहिती शुद्ध करण्याच्या कितीतरी युक्त्या आहेत. पण माहितीच्या मालकांना एका जागी बसवून ती त्यांना वाचून दाखवणं, ही माझ्या मते त्या सगळ्यांत खोल युक्ती आहे, कारण ती ज्ञान जिथे आहे तिथे स्वतः चालत जाते. महसुलाची चावडी आपल्याकडे शेकडो वर्षांची. तिला सर्व्हरशी जोडणाऱ्या माणसाला, तो मंत्रालयातला असो की भूमी अभिलेखातला, गावातलं ज्ञान कुठे साठलेलं असतं हे नक्की माहीत होतं.

चुका संपल्या नाहीत. सगळ्या गावांत वाचन सारख्या मन लावून झालं, असंही नाही. काही ठिकाणी शेतकरी शेतावर आणि तलाठी घाईत, असं झालं. तरी १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि पुढे हाताने लिहिलेला उतारा व्यवहारातून गेला. आज पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसलेला माणूस गावच्या जमिनीचा उतारा काही मिनिटांत काढतो. त्यात क्षेत्र चुकलेलं दिसलं तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५५ आहे. लेखनप्रमाद दुरुस्त करून द्या, असा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो. असे अर्ज अजून येतात. संगणकाने लिहिलेलं चुकीचं असू शकतं आणि ते शेतकऱ्याला ठाऊक असू शकतं, एवढं तरी या कायद्याला मान्य आहे.